तपकिरी बेथलेहेम

एकसष्ट मेंढ्या. अकरा मेंढपाळ, त्यातल्या एकाला हात नाही. तीन राजे आणि चार उंट. चौथा उंट कुणाचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आरशाच्या तुकड्यांची दोन तळी, त्यांत सात बदकं. एक पूल, एक पवनचक्की, चोवीस घरं, येशू जन्मायच्या आधीच बांधून झालेलं एक चर्च आणि प्लास्टिकचा एक डायनोसॉर. मारिया, होसे, गाय, गाढव. मधली गव्हाण रिकामी, कारण बाळ चोवीस तारखेच्या रात्रीच ठेवायचं असतं. आणि या सगळ्याखाली, भिंतीपासून भिंतीपर्यंत, हिरवंगार शेवाळ. चार पूर्णांक तीन चौरस मीटर.

मोजणी युरानी पिराहोनने केली. ती नववीत होती. टेपचं दुसरं टोक तिच्या मैत्रिणीने धरलं होतं आणि त्यांच्या शिक्षिका निदियाबाई दारात उभ्या होत्या.

डिसेंबर सुरू होऊन सुट्टी लागली होती, पण नववीच्या मुलांना गावसेवेचे तास भरायचे असतात. निदिया तिबादुइसाने यंदा त्यांना ‘शेवाळ पहारा’ दिला होता. गावातल्या प्रत्येक घरात जाऊन ख्रिस्तजन्माचा देखावा पाहायचा. शेवाळ नसेल तर दारावर कागदाचं हिरवं पान चिकटवायचं, असेल तर लाल थेंब. निदिया चोवीस वर्षांची. तुन्हाच्या विद्यापीठातून जीवशास्त्र शिकून आलेली, नोकरीचं पहिलंच वर्ष. गावाचं पाणी वरच्या पारामोवरून, डोंगरमाथ्यावरच्या ओल्या माळावरून, येतं. तिथलं शेवाळ धुकं आणि पाऊस शोषून घेतं आणि वर्षभर थेंबथेंब खाली सोडतं. तरी दर डिसेंबरला लोक तेच पोत्यांनी खरवडून आणतात आणि त्यावर मेंढ्या मांडतात. हे बंद करायचं, असं तिने ठरवलं होतं. मुलांना तिने आकडे दिले होते. आणि फळ्यावर तीन सबबी लिहून दिल्या होत्या: जुनंच आहे. आपोआप निघालेलं होतं. कुणीतरी दिलं. प्रत्येक सबबीपुढे उत्तर. मुलांनी जोड्याजोड्यांनी सराव केला होता, एकाने काकू व्हायचं आणि दुसऱ्याने पहारेकरी. वर्ग हसून हसून लोळला होता.

हेर्मेंसिया सुएस्काच्या पुढच्या खोलीत त्या दुपारी शेजारपाजारचे दहाबारा जण होते. आठ तारखेला तिचा देखावा मांडून झाला की गाव येऊन बघून जातं, त्यासाठी बोलावणं लागत नाही. ती शाळेचे गणवेश शिवायची. खांद्यावरून घेतलेल्या लोकरी रुआनाच्या काठाला टाचण्या टोचलेल्या असायच्या, आताही होत्या.

“चार पॉइंट तीन,” युरानी मोठ्यांदा म्हणाली. “काकू, हे पारामोवरचंच शेवाळ आहे ना?”

“आहे की. पण जुनं आहे गं.”

“सगळे असंच म्हणतात.”

कुणीतरी खुदकन हसलं. दूधवाला एलिसेओ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. “घ्या! सापडली हेर्मेंसिया!”

“अगं, खरंच जुनं आहे, माझ्या आईने—”

“इतकं हिरवं? काकू, जुनं शेवाळ हिरवं असतं का?”

हेर्मेंसियाने तोंड उघडलं. एकदा लोकांकडे पाहिलं, एकदा शेवाळाकडे, आणि तोंड मिटलं. तिचा गळा लाल झाला, मग कान. निदियाने ते पाहिलं आणि मनात कबुली म्हणून नोंदवलं. चेहरा लाल होणं हा पुरावा नव्हे, हे तिला एरवी कुणी विचारलं असतं तर तिने लगेच सांगितलं असतं.

युरानी हिशेब करत होती. “एका चौरस मीटरला वाळलेलं सहाशे ग्रॅम. एका ग्रॅममध्ये पाणी मावतं चौदा पॉइंट सहा. म्हणजे काकू, तुमच्या या खोलीत—”

अडतीस लिटर, असं निदियाचे ओठ आवाज न करता म्हणाले. तिला अभिमान वाटत होता. सप्टेंबरमध्ये या मुलीला दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते कळत नव्हतं.

“अडतीस लिटर पाणी!”

“तरीच!” एलिसेओ म्हणाला. “माझ्या नळाला थेंब नाही आणि हिच्या मेंढ्या ढोसतायत होय!”

सगळे हसले. हेर्मेंसियाही हसल्यासारखं करून आत गेली, गुळाचं पाणी उकळायला ठेवलंय म्हणून. ती बाहेर आलीच नाही. मुलींनी दारावर लाल थेंब चिकटवला आणि पहारा पुढच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलिसेओचं खेचर शाळेच्या फाटकापाशी उभं होतं. दुधाचे कॅन नव्हते, तीन पोती होती.

“हे तुमचं,” तो निदियाला म्हणाला. “हेर्मेंसिया म्हणाली, जिथलं आहे तिथे ठेवून या. आणि चोवीसची प्रार्थना दुसऱ्या कुणाकडे करा म्हणाली.”

“दुसऱ्या कुणाकडे?”

“ते मला काय विचारता, बाई? नऊ रात्रींची प्रार्थना आठ रात्री कुणाकडेही होते. शाळेत होते, माझ्याकडे होते. नववी रात्र हेर्मेंसियाकडे. तिची आई होती तेव्हापासून. बाळ तिथेच जन्मतं.” त्याने दोरी सोडली. काल सगळ्यांत मोठ्याने तोच हसला होता. आता तो पोत्यांकडेही बघत नव्हता. “पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्च्यासुद्धा परत दिल्यात तिने. दाराला कडी.”

निदियाने युरानीला बोलावून घेतलं. शेवाळ परत पारामोवर न्यायचं तर आधी धुवायला हवं, घरातली बुरशी आणि तणाचं बी वर जाता कामा नये, असं तिने सांगितलं. मागच्या अंगणातल्या कपडे धुण्याच्या हौदात दोघींनी तिन्ही पोती रिकामी केली आणि पाणी सोडलं.

पाणी हिरवं झालं.

पुदिन्याच्या सरबतासारखं, तळ दिसेल असं स्वच्छ हिरवं. निदियाने हात बुडवून काढला. बोटं हिरवी, नखांच्या कडा हिरव्या. पानांचा हिरवा रंग थंड पाण्यात विरघळत नाही, हे तिने याच वर्गाला शिकवलं होतं.

“बाई, हा रंग आहे,” युरानी म्हणाली. “कापडाचा.”

शेवाळ पाण्यावर तरंगत होतं, चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी. निदियाने भिंग आणलं. पानं पोकळ होती, काड्या मोडक्या. त्यांत मेणाचे थेंब अडकलेले, काही पिवळे पडलेले, काही काळे. बर्फ म्हणून भुरभुरलेल्या पावडरीचे थर. चॉकलेटचा चांदीचा कागद, त्यावर ससा.

“हे चॉकलेट आता मिळत नाही,” युरानी म्हणाली. “आई सांगते, तिच्या लहानपणी मिळायचं.” मग तिला मेंढीचा मातीचा कान सापडला, नखाएवढा. तो तिने तळहातावर ठेवला. “बाई, हे जुनं आहे.”

“हो.”

“काकू तेच म्हणत होत्या.”

“हो.”

“मग रंगाचं का नाही बोलल्या? बोलल्या असत्या तर मी...” ती थांबली. काल लोकांकडे, मग शेवाळाकडे पाहणारा तो चेहरा बहुतेक तिला आता दिसला असावा. तिने कान मुठीत धरला. “बाई, आपण सगळं गाव फिरलो. बाकी सहा घरांतच तर होतं, आणि तेसुद्धा असंच वाळकं. मग यंदा पारामोवरून ताजं कुणी आणलं?”

प्रश्न चांगला होता. उत्तर निदियाला ठाऊक होतं आणि काल, परवा, गेले तीन महिने ते तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

ती प्रयोगशाळेत गेली. युरानी मागोमाग. कपाटाच्या दुसऱ्या खणात बत्तीस कागदी पाकिटं उभी होती, प्रत्येकावर मुलाचं नाव, ओलं वजन, वाळलेलं वजन. सप्टेंबरमधली सहल. दहा सेंटीमीटरची पत्र्याची चौकट तिनेच कापून घेतली होती. बत्तीस मुलांनी चौकट दाबून, सुरी फिरवून, खालच्या मातीपर्यंतचा चौकोन काढला होता. नमुने जितके जास्त तितकी सरासरी चांगली. मग पाण्यात भिजवून वजन, भट्टीत वाळवून वजन. चौदा पूर्णांक सहा हा आकडा तिथून आला होता.

युरानीने आपलं पाकीट काढलं. आत चिमूटभर भुरा होता.

“हे परत लावता येईल?”

“नाही. भट्टीत मेलं ते.”

“दोन-तीन मुलांनी आणलं असतं तरी चाललं असतं ना, बाई? सगळ्यांनी वाटून घेतलं असतं.”

“चाललं असतं,” निदिया म्हणाली.

संध्याकाळी दोघी हेर्मेंसियाच्या दाराशी उभ्या राहिल्या. कडी वाजवायच्या आधी निदियाने लाल थेंब नखाने खरवडायला घेतला. गोंद शाळेचा, चांगल्यातला होता. कागद अर्धा निघाला, अर्धा राहिला, खालचा निळा रंगही थोडा निघाला. आधी होतं त्यापेक्षा वाईट दिसू लागलं. ती खरवडत असतानाच दार वीतभर उघडलं.

“आणखी काय मोजायचं राहिलं, बाई?”

निदियाने वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. “काकू, आम्ही शेवाळ धुतलं,” एवढंच ती म्हणाली आणि हिरवी बोटं पाठीमागे नेली. उशीर झाला होता, हेर्मेंसियाने पाहिलं होतं.

दार आणखी थोडं उघडलं. “आत या. रस्त्यात नको.”

खोली रिकामी होती. मेंढ्या, राजे, उंट सगळे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात. टेबलांवर नुसत्या फळ्या. हेर्मेंसिया शिवणयंत्रापाशी बसली आणि त्यांच्याकडे न पाहता बोलू लागली.

“आईने आणलं होतं ते, शेवटचं. वरची वाट धड होती तेव्हा. ती गेल्यावर मी एकदाही चढले नाही. गणवेशांना रंग द्यायची पुडी असते, त्यातलीच चिमूट टाकते. पहिल्या वर्षी बायका म्हणाल्या, हेर्मेंसियाला बाई जागा ठाऊक आहे, कुणाला सांगत नाही. मी गप्प बसले. बरं वाटलं मला. पुढच्या वर्षीही तेच. आता मला चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत, आणि गावाला वाटतं मी डोंगर चढून जाते.” ती किंचित हसली. “काल हिने विचारलं, जुनं हिरवं असतं का. काय सांगणार? बारा माणसं होती.”

युरानीला माफी मागायची होती. तिने शेवटी मूठ उघडून मेंढीचा कान पुढे केला.

हेर्मेंसियाने तो घेतला, उजेडात धरला आणि खिशात टाकला. मग तिची नजर खाली गेली. “स्कर्ट आखूड झालाय तुझा. घेऊन ये, दुमड सोडून देते.”

युरानी मान खाली घालून रडू लागली. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं, असं निदियाला वाटलं.

“काकू, चोवीसला दार उघडा,” ती म्हणाली. “मी लोकांना सांगते.”

“काय सांगाल? रंगवलेलं आहे म्हणून?”

“नाही.”

“रंगाचं बोलायचं नाही. चोर म्हणाले तर म्हणू देत, पण रंगाचं नको. आणि दाराचं म्हणाल तर, नाही उघडणार. लोक गव्हाणीकडे नाही बघणार, बाई. माझ्या तोंडाकडे बघतील.”

प्रार्थनेची तिसरी रात्र शाळेत होती. सभागृहात मुलांनी बाटल्यांचे मेंढपाळ आणि रंगवलेल्या भुशाचं कुरण केलं होतं, दारावर हिरवं पान. प्रार्थना झाली, मुलांनी खुळखुळे वाजवत गाणी म्हटली, बायकांनी चीजच्या तळलेल्या गोळ्यांच्या, गरम बुन्युएलोंच्या परातींवरची फडकी काढली. खायला सुरुवात झाली की कुणी ऐकणार नाही हे ओळखून निदिया पुढे गेली.

“मला एक सांगायचंय. हेर्मेंसियाकाकू खरं बोलत होत्या. त्यांचं शेवाळ जुनंच आहे, आम्ही तपासलं. त्या सांगत होत्या आणि आम्ही ऐकून घेतलं नाही. यात मुलांची चूक नाही. लोक काय सांगतात ते ऐकून घेऊ नका, हे मीच शिकवलं होतं. फळ्यावर लिहून.” तिचा आवाज बारीक झाला होता. “यंदा पारामोवरून ताजं शेवाळ या गावात फक्त आम्ही आणलं. बत्तीस तुकडे. प्रयोगासाठी. ते परत लावता येत नाही.”

एका लहान मुलाने खुळखुळा एकदाच वाजवला आणि आईने त्याचा हात धरला.

“मग तो लाल थेंब कुणाच्या दारावर लावायचा?” मागून एलिसेओ म्हणाला.

हशा पिकला. निदियालाही ठाऊक होतं की पिकणार. तिने खिशातून थेंब काढला, सभागृहाच्या दारापाशी गेली आणि हिरव्या पानाच्या शेजारी चिकटवला. तो तिरका लागला.

“पण बाई,” एक बाई म्हणाली, “जुनं आहे तर इतकं हिरवं कसं हो राहतं हेर्मेंसियाकडे?”

“त्याचं कारण मला कळलंय,” निदिया म्हणाली. “पण मी सांगणार नाही.”

“वा!” एलिसेओ म्हणाला. “नववीला हेच शिकवता का?”

पुन्हा हसणं. या वेळी तिच्या बाजूने थोडं जास्त असावं, पण तिला खात्री नव्हती. तिने बुन्युएलो घेतला नाही. युरानीने तिच्या हातात एक आणून ठेवला. तो थंड होईपर्यंत तसाच राहिला.

धुतलेलं शेवाळ फुटबॉलच्या मैदानावर दोन दिवस पसरून वाळवलं. रंग पूर्ण गेला होता. तीन पोती युरानी आणि वर्गातल्या चार मुलांनी डोक्यावरून हेर्मेंसियाच्या घरी नेली. तिने पोत्यात हात घातला, मूठभर बाहेर काढलं आणि तळहातावर पसरलं.

“रंग काहीच उरला नाही,” ती म्हणाली.

“नाही, काकू,” युरानी म्हणाली. “मी पुडी आणून देऊ?”

“पुडी घरात आहे.” तिने पोती ठेवून घेतली, दार लावून घेतलं.

चोवीसच्या संध्याकाळी नववी रात्र कुठे, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. लोक सवयीने तिच्याच गल्लीत जमले, काहींच्या हातात नातिय्याच्या, दुधाच्या वड्यांच्या बशा, मुलांकडे खुळखुळे, आणि सगळे दुसऱ्याच कुणाकडे तरी निघाल्यासारखं करत उभे राहिले. निदिया सर्वांत मागे होती. निळ्या दारावर अर्धा लाल थेंब अजून होता. सात वाजता कडी निघाली.

भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळं तपकिरी होतं. डोंगर तपकिरी, कुरण तपकिरी. एकसष्ट मेंढ्या वाळक्या गवतावर उभ्या असाव्यात तशा. लोक आत आले. हेर्मेंसिया भिंतीशी उभी होती. तिचा गळा लाल व्हायला लागला होता, पण या वेळी ती आत गेली नाही.

“हेर्मेंसिया,” एलिसेओ हळूच म्हणाला, “दुष्काळ पडला काय गं यंदा बेथलेहेमात?”

“तिथे नेहमीच असतो,” ती म्हणाली. “वाळवंट आहे ते. इतकी वर्षं मीच हिरवं दाखवत होते.”

काही जणांना कळलं, काहींना नाही. ज्या बाईने सभागृहात प्रश्न विचारला होता ती शेवाळाजवळ वाकली, मग हेर्मेंसियाच्या हातांकडे पाहिलं, शिवणकामाच्या कपाटाकडे पाहिलं, आणि सरळ उभी राहून म्हणाली, “सुरू करा आता, पोरं पेंगतायत.”

प्रार्थना झाली. हेर्मेंसियाने बाळ गव्हाणीत ठेवलं. युरानी पुढे वाकून मेंढ्या बघत होती. एकीच्या कानाभोवती गोंदाची बारीक पांढरी कड होती. निदिया दाराजवळच उभी राहिली.

“बाई, तिथे काय करताय?” हेर्मेंसियाने हाक मारली. “बशा फिरवा.”

तिने बशा फिरवल्या. लोकांनी तिच्या हातून घेतल्या. तिने कुणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही.

पुढच्या सप्टेंबरमध्ये नववीचा वर्ग नवा होता, पण निदियाने सहल नेली नाही. ती आणि युरानी, दोघीच वर गेल्या, दगडांवरूनच पाय टाकत. जागा शोधायला वेळ लागला नाही. चौकोन लांबूनच दिसत होते. बत्तीसच्या बत्तीस सापडले. युरानीने गुडघे टेकून प्रत्येकाच्या चारही बाजू पट्टीने मोजल्या आणि निदियाने आकडे लिहून घेतले. कापताना बाजू शंभर मिलिमीटर होती. आता, वर्षभर शेवाळ वाढून, सरासरी शहाण्णव.